हिरवी-पिवळी तार

मे महिन्यातही साइमा तळ्याच्या कडेला थोडा बर्फ उरतो,
झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा.
पूमालाच्या धक्क्यावर होडी अजून लाकडी घोडीवर,
आणि औलिस तिच्या पोटात, कमरेपर्यंत आत.
बाहेर फक्त बूट. बूटच बोलतात:

"तुइरे, इंजिनापासून सुरुवात कर.
मग शाफ्ट. मग डिझेलची टाकी.
मग तळाची ती पितळी तोटी, जिला कोणी मोजत नाही.
सगळ्यांना एका तांब्याच्या पट्टीवर आण.
एकमेकांशी बोलत नसले तरी
एकाच भावकीतले असायला हवेत."

मी तार सोलते, हिरवी-पिवळी.
हिच्यातून रोज काहीच वाहत नाही.
ही एका दिवसासाठी असते,
आणि बहुतेक तारांना तो दिवस दिसत नाही.

"एक गाठ मात्र इथे मारायची नाही,
न्यूट्रलची आणि हिची.
ती किनाऱ्यावर मारलेली आहे. तिथेच राहू दे."

विजेला तळं नको असतं, जमीनही नको.
तिला फक्त परत जायचं असतं
जिथून निघाली त्या ट्रान्सफॉर्मरकडे,
दुकानामागच्या टेकडीवर.
धड वाट दिली तर ब्रेकर पाडून जाते.
वाट तोडली तर पाण्यात उतरते,
आणि गोडं पाणी तिला कष्टानेच पुढे जाऊ देतं.
अशात जवळ कोणी पोहत असलं,
रक्तात मीठ असलेलं,
तर तिला तेवढी वाट सोपी.

हे सगळं सांगताना औलिस
कुत्रीचं नाव घेत नाही.

ते मला हिल्क्काने सांगितलं, कॉफी ओतता ओतता.
अकरा वर्षांमागे त्याच्या भावाच्या,
कालेर्वोच्या होडीचा पंखा
दर हंगामात गुलाबी पडायचा, खरवडल्यासारखा.
शेजारच्या होड्यांची झीज
अर्थिंगच्या तारेतून चालत याच्या दारी यायची.
आयसोलेटर दोनशे युरोंचा.
पक्कड घरचीच होती.
कालेर्वोने तार कापली,
टोकाला टेप गुंडाळला, नीट, दोनदा.
पंखा वाचला. खरंच वाचला.

मग जुलैत पाणी तापवायच्या टाकीतला रॉड फुटला.
दिवे लागत होते, रेडिओ चालू होता.
धक्क्यावरचा खांब जुना,
गळती ओळखणारं काही त्यात नव्हतं.
कुत्री काठीमागे पाण्यात गेली
आणि होडीपासून दोन हातांवर
पोहायची थांबली.
भुंकली नाही.
कालेर्वोची मेरवी, नऊ वर्षांची,
तिच्यामागे निघाली होती, एक बूट काढून झाला होता.
औलिसने प्लग आधी उपटला की पोरीला आधी धरलं,
ते त्याला आजही सांगता येत नाही.

तेव्हापासून भाऊ बोलत नाहीत.
पंखा कालेर्वोच्या सौनाच्या भिंतीवर आहे,
चकचकीत, एक ओरखडा नाही त्यावर.

ही होडी कोणाची, मी विचारलं नव्हतं.
पावतीवर नाव लिहायला घेतलं
तेव्हा आडनाव औलिसचंच निघालं,
आणि त्याआधी: मेरवी.

आता बूट बोलायचे थांबलेत.
आत टॉर्च हलत नाही.
मी वाकून बघते: तारांच्या जुडग्यामागे
एक तुटकं टोक, त्यावर टेप,
उन्हाळ्या-हिवाळ्यांनी कडक झालेला,
दोनदा गुंडाळलेला.

तो टेप नखाने सोडवतो. पक्कड जवळच आहे,
तरी नखाने.
खिशात ठेवतो की खाली टाकतो, मला दिसत नाही.

"मॅग्नेशियम लावलंस?"
"लावलं."
समुद्रात जस्त, तळ्यात मॅग्नेशियम,
कोणीतरी झिजायला हवंच,
पण ते ठरवून बसवलेलं असावं,
वर्षाला बदलता येईल असं.

आयसोलेटर अजून खोक्यातच.
त्याआधी मी मीटरचं एक टोक पट्टीवर धरते,
दुसरं इंजिनावर.
मीटर वाजतं, बारीक, चिमणीसारखं.

"किती?"
"शून्य पूर्णांक दोन."
बूट हलतात.
"पुन्हा बघ."
मी पुन्हा बघते.